पुढच्या रांगेपर्यंतची वाट

बाहेरच्या लख्ख उन्हातून तिने आत पाऊल टाकले आणि जग नाहीसे झाले.

दुपारचा खेळ नुकताच सुरू झाला होता. कापसाच्या गादीवर कोणी अलगद बसावे तसा आवाज करून पाठीमागचे दार मिटले. आता पुढे काळोख, मागे काळोख... आणि दूर कोठेतरी, खूप उंचावर, एका प्रचंड चेहऱ्याचे हसणे. ती हात पुढे करून उभी राहिली. एवढ्यात तिच्या पावलांपाशी बशीएवढे उजेडाचे वर्तुळ येऊन थांबले.

"जपून," अंधारातून कोणी म्हणाले. "इथं एक पायरी आहे. दिसत नाही, पण आहे."

स्वर पुरुषाचा होता. परंतु इतका हलका, की झोपलेल्या बाळाशेजारी उभे राहून कोणी बोलत असावे. वर्तुळ हातभर पुढे सरकले. ती त्याच्यामागून निघाली. काही पावले चालल्यावर तिच्या ध्यानात आले, की हा मनुष्य तिच्याकडे तोंड करून उलटा चालतो आहे, आणि तरीही त्याला कोठे ठेच लागत नाही!

मग ते वर्तुळ जरासे थबकले.

"एक विचारू का...?"

"विचारा."

"या दोघींचं पटतं का आपसात?"

तिने खाली पाहिले. डाव्या पायात तपकिरी चप्पल होती आणि उजव्या पायात निळी. लज्जेने तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. परंतु टोमणा ऐकून गप्प बसणे हे तिच्या रक्तातच नव्हते.

"पटवून घेतात," ती कुजबुजली. "एका घरात राहायचं म्हटल्यावर काय करतील बिचाऱ्या?"

अंधाराने हसू गिळले. मागच्या रांगेतील एका खुर्चीपाशी वर्तुळ स्थिरावले. "बसा," तो म्हणाला, "त्यांनाही टेकू द्या. दमल्या असतील." आणि उजेड विझला.

त्या चित्रपटगृहाच्या कपाळावर एक भारदस्त नाव कोरलेले होते. परंतु ते कोणाच्याही तोंडी नव्हते. लोक त्याला 'थोरलं' म्हणत. घरातील थोरल्या भावाविषयी बोलावे तसे, थोड्या धाकाने आणि पुष्कळ मायेने. जुन्या बाजारपेठेच्या मधोमध ते आपले रुंद खांब रोवून उभे होते. त्याचा संगमरवरी जिना मध्यभागी झिजून खोलगट झाला होता, आणि पितळी कठडा लोकांच्या हातांनीच घासला जाऊन सोन्यासारखा झळाळत असे. बाल्कनीच्या खाली गाल फुगवलेली प्लास्टरची बाळे ओळीने बसवलेली होती. त्यांतील एकाचे नाक कधीचेच गळून पडले होते, आणि प्रेक्षकांचे सर्वांत अधिक प्रेम त्याच्यावरच होते. खेळाच्या आरंभी लाल मखमलीचा पडदा चुण्या पाडीत सावकाश वर जाई, तेव्हा खोकणारी माणसे खोकायची थांबत.

शहराच्या नव्या भागात आरशांच्या इमारती उठल्या होत्या. तेथे एकाच छपराखाली अनेक पडदे होते आणि खुर्च्या पलंगासारख्या मागे कलत असत. थोरल्याचे आता दिवस भरले, असे शहाणी माणसे म्हणत. तरीही लोक थोरल्याकडे येतच राहिले. रात्रपाळी संपवून झोप न आलेल्या परिचारिका येत. निवृत्त मास्तर येत, आणि पहिल्या गाण्यालाच घोरू लागत. घरी एकमेकांशी न बोलणारे एक वृद्ध जोडपे येई, आणि एका पुडीतले शेंगदाणे दोघे मिळून खाई.

अंधारात वाट दाखवणाऱ्या त्या तरुणाला ही सारी मंडळी 'काजवा' म्हणत. थोरल्याची एक जुनी रीत होती. पूर्वीच्या मालकांनीच ती घालून दिली होती, की बॅटरी पाहुण्याच्या पावलांवर धरावी, तोंडावर कदापि धरू नये. कोणी येथे रडायला येतो, कोणी लपायला येतो, कोणी कोणाचा हात धरायला येतो. त्याचा चेहरा हा त्याचा एकट्याचा असतो. काजव्याने ही रीत इतकी अंगी बाणवली होती, की तो माणसांना पावलांवरूनच ओळखू लागला होता. मास्तरांच्या वहाणांच्या झिजलेल्या टाचा, परिचारिकांच्या पांढऱ्या बुटांची थकलेली चाल — सारे त्याला पाठ होते. परंतु तीच माणसे भर बाजारात समोर आली, तर तो परक्यासारखा बाजूने निघून जाई. कित्येकांना त्याचा राग येई. त्याच्या आईलासुद्धा एकदा भाजीवालीसमोर म्हणावे लागले होते, की अरे, मी तुझी आई!

आणि ती?

तिला सारे 'टाचणी' म्हणत. आत्याच्या शिवणकामाच्या दुकानात ती दिवसभर ओठांत टाचण्या धरून बसलेली असे, हे एक कारण. आणि टाचण्या काढल्यावर ती जे बोले, ते दुसरे. त्या दिवशी ती दोन रंगांच्या चपला घालून घरातून निघाली, त्यालाही कारण होते. दुकानाला सुटी होती, आणि जेवता जेवता आत्याने दातांच्या डॉक्टरांचे स्थळ पुढे केले होते. डॉक्टर सुस्वभावी होते. त्यांचा स्वतःचा दवाखाना होता, व्यसन नव्हते, हुंडा नको होता. नाही म्हणायला एकही जागा सापडत नव्हती, हीच तर मोठी अडचण होती! आत्या म्हणाली, की घाई नाही, पण दोन महिन्यांत काय ते सांग. चांगल्या माणसाला ताटकळत ठेवू नये. कोठेतरी काळोखात बसून विचार करावा, या हेतूने टाचणी पायाला लागेल ती चप्पल घालून निघाली होती.

विचार काही झाला नाही. परंतु पुढच्या सुटीच्या दिवशी ती पुन्हा आली.

दुपारच्या खेळाला गर्दी नसे. हवे तेथे बसावे. काजव्याने वर्तुळ टाकले आणि क्षणभराने म्हणाला, "आज दोघी बहिणी-बहिणी दिसतात."

"समेट झाला," ती म्हणाली. "कुठं बसवता?"

"मागं?"

"नको. थोडं पुढं."

त्यानंतरच्या सुटीत ती आणखी पुढे बसली. मग आणखी. त्यांचे सारे बोलणे दारापासून खुर्चीपर्यंतच्या वाटेवर होत असे, आणि वाट केवढी, तर उतरत्या गालिच्याएवढी! मध्यंतरात दिवे लागत. पण तेव्हा काजवा पडद्यामागे चक्र फिरवायला गेलेला असे, कारण थोरल्याचा पडदा अजूनही हाताने ओढला जात होता. खेळ संपताना त्याला पलीकडची दारे उघडावी लागत. तेव्हा वाट लांबवणे एवढेच हाती होते. तिने एकदा विचारले, की तुम्ही उलटे चालता, पडला नाहीत का कधी? तो म्हणाला, की पहिल्या महिन्यात एका जाड्या वकिलांच्या मांडीवर बसलो होतो. त्यांनीच मला उठवून वाट दाखवली. तिला इतके हसू आले, की कोणीतरी 'शुक्' केले.

अखेरीस ती अगदी पहिल्या रांगेत येऊन पोहोचली. तेथून पडदा पाहायचा, तर मान छताला लावावी लागे.

"इथं मान दुखेल," काजवा हळूच म्हणाला.

"दुखू दे."

"याच्या पुढं रांग नाही... पुढं भिंतच आहे."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर सावकाश चालले."

वर्तुळ तिच्या पावलांवर किंचित थरथरले. बराच वेळ ते तेथून हलले नाही.

परंतु सुखाच्या कापडाला दैव एखादा धागा उसवलेला ठेवतेच. मुदत संपत आली, तसा आत्याने आग्रह धरला, की एकदा डॉक्टरांबरोबर फिरून तरी ये. डॉक्टरांनी प्रथम तिला नव्या भागातील आरशांच्या चित्रगृहात नेले. तेथे पायऱ्यांच्या कडांना आपोआप दिवे लागलेले होते. खुर्ची मागे कलली, पाय वर आले, सारे झकास होते. परंतु अंधारातून कोणी 'जपून' म्हणाले नाही. तिला एकटे एकटे वाटले... शेजारी सज्जन मनुष्य बसलेला असूनही! डॉक्टर बिचारे समजूतदार. तुम्हाला आवडले नाही का, असे त्यांनी विचारले. तिच्या तोंडून निघून गेले, की मला थोरलं आवडते. तर पुढच्या खेपेस ते उत्साहाने तिला थोरल्यालाच घेऊन आले.

दारापाशी वर्तुळ आले. तिच्या पावलांवर पडले. मग शेजारच्या काळ्या, चकचकीत बुटांवर पडले. ती एक शब्द बोलली नाही. काय बोलणार? काजव्याने दोघांना मधल्या रांगेत बसवले आणि "जपून" म्हणून तो निघून गेला. ते 'जपून' तिला खेळभर टोचत राहिले.

त्यानंतर एके सकाळी भुरभुर पाऊस पडत असताना दुकानाच्या दारात एक तरुण उभा राहिला. त्याच्या हाती पितळी गुंड्यांचा मरून रंगाचा कोट होता. आत्या आतल्या खोलीत इस्त्री करीत होती. टाचणीने मान वर केली. चेहरा तिने पूर्वी पाहिलेला नव्हता; सावळा, साधा, भुवया जरा आश्चर्यात पडल्यासारख्या. मग तो बोलला, "अस्तर फाटलंय... होईल का?" आणि तिच्या हातातील कात्री थांबली. भर सकाळी, रस्त्यावर सायकलींच्या घंटा वाजत असताना, असे झोपलेल्या बाळाशेजारच्या स्वरात बोलणारा मनुष्य या शहरात एकच होता.

तिने मानेनेच होकार दिला. ओठांत टाचण्या होत्या. त्याने सवयीने तिच्या पायांकडे पाहिले. परंतु दुकानात कापड अंथरलेले म्हणून सर्वांच्या चपला बाहेर असत, आणि अनवाणी पावलांची त्याला ओळख नव्हती. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले. स्वच्छ उजेडात, अगदी समोरून पाहिले... आणि ओळखले नाही.

ओळखायचे काही कारणच नव्हते. तरीही तिला ते लागले.

"खांदे बघते," टाचण्यांतून ती कसेबसे पुटपुटली आणि टेप घेऊन त्याच्या पाठीशी गेली. तेथून तिने विचारले, की कोट घाईचा आहे का. तो म्हणाला, की आता घाई राहिलेली नाही. पूर्वी होती. आणि मग — परक्या माणसाशी बोलणे कधी कधी सोपे असते — तो हळूहळू बोलत गेला. दुपारच्या खेळाला एक बाई येतात. चांगल्या कोटात त्यांच्यापुढे उभे राहून एक गोष्ट विचारायची होती.

"दिसायला कशा आहेत?" टेप जरा घट्ट झाला.

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"चेहरा नाही पाहिला. त्या विनोद यायच्या आधीच हसतात. पायरी आली की थोडं थांबतात, माझ्या 'जपून'साठी. पायरी त्यांना पाठ झालीय, तरी थांबतात. एवढंच माहीत आहे. पण एवढं मला दुसऱ्या कुणाचंच माहीत नाही."



"मग विचारा की," ती पुटपुटली.

"आता नाही. त्यांच्याबरोबर कुणी तरी आहेत. बूट चांगले होते त्यांचे. जपून चालणारा माणूस वाटला." तो सरळ मनाने म्हणाला; त्यात असूयेचा लवलेश नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. "मी मालकांना सांगून वर बाल्कनीत बदली करून घेतलीय. खाली म्हातारे काका उभे राहतील. मी तिथं उजेड धरला तर... हात हलतो माझा. पाहुण्यांना त्रास."

आत्या इस्त्री केलेले कपडे घेऊन बाहेर आली, आणि तो कोट ठेवून निघून गेला. टाचणीने एकेक टाचणी काढून डबीत ठेवली. तिने तेथेच सांगायला हवे होते, हे तुम्हाला वाटते तसे तिलाही वाटले. परंतु केसांना दोरे चिकटलेली, खडूने हात पांढरे झालेली ही मुलगी त्याच्यासमोर उभी होती, आणि तो तिच्यापाशीच 'त्या बाईं'विषयी बोलत होता. ही आणि ती एकच, हे कळल्यावर त्याच्या भुवया खाली येतील की काय, याचे तिला भय वाटले.

तिने कोटाला नवे अस्तर लावले. दुसऱ्या माणसाहाती तो पोहोचता केला. मग ती आत्यासमोर जाऊन उभी राहिली आणि डॉक्टरांना नाही कळव, असे म्हणाली. आत्याने कारण विचारले. टाचणी म्हणाली, की कारण अजून मलाच हो म्हणालेले नाही. आत्या म्हणाली, की हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात, पण तुझ्या पुढं बोलून कोणाचं भलं झालंय!

सुटीच्या दिवशी ती थोरल्याला गेली. खाली म्हातारे काका बॅटरी घेऊन उभे होते. त्यांनी तिच्या पावलांवर उजेड टाकला, आणि काही न विचारता तो जिन्याकडे वळवला. "वर जा, पोरी," ते म्हणाले. "इकडं उगीच माझे गुडघे झिजवू नकोस."

बाल्कनीचे दार उघडले. पडद्यावर एक आगगाडी कोणाला तरी घेऊन दूर चालली होती. वर्तुळ आले, पावलांवर पडले... आणि दचकले.

"जपून," खूप वेळाने स्वर आला. "एकट्याच?"

"एकटीच. त्या दिवशीचे दातांचे डॉक्टर होते. आत्यानं बघितलेलं स्थळ. मी नाही म्हणाले."

उलटी पावले टाकीत तो तिला कठड्यापर्यंत घेऊन गेला. तेथे वाट संपत होती.

"अस्तर नीट बसलं ना?" ती म्हणाली. "डाव्या काखेत जरा सैल ठेवलंय. बॅटरी धरताना ओढलं जात असणार."

पडद्यावरची आगगाडी लांब गेली. मग त्या बिचाऱ्याच्या ध्यानात सारे आले. खांदे मोजणारे हात, टाचण्यांतून येणारे प्रश्न, आणि आपण काय काय बोलून बसलो ते!

"म्हणजे मी ते सगळं... तुम्हालाच..."

"मलाच. आता इथं बोला. तिथं मी शिंपीण होते."

"मी तुम्हाला ओळखलं नाही," तो व्याकूळ होऊन म्हणाला. "समोर असून."

"नाही ओळखलंत. राग आला मला." तिने हात पुढे केला आणि त्याच्या मुठीतून बॅटरी काढून घेतली. "तोंडावर उजेड धरायचा नाही ही रीत तुमची. मी काही नोकरीला नाही इथं." आणि तिने ती बॅटरी हनुवटीखाली धरून स्वतःच्या तोंडावर वळवली. "बघा. शांतपणे बघा. केसाला दोरा असेल, तो सोडून बघा."

त्याने पाहिले. खालून पडलेल्या उजेडात कोणीही फारसे सुंदर दिसत नाही; नाक मोठे दिसते आणि डोळे खोल जातात. तरीही तो असा पाहत राहिला, जणू नुकतीच अक्षरओळख झालेल्या माणसाने पहिले पूर्ण वाक्य वाचावे. भुवया खाली आल्या नाहीत. उलट, होत्या त्याहून वर गेल्या.

"त्याच आहात," तो म्हणाला.

"मग? कोट घालून काय विचारायचं होतं?"

पडद्यावरचे संगीत नेमके त्याच घटकेस थांबले. आणि जन्मभर कुजबुजलेला तो मनुष्य, भान हरपून, सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाला, "माझ्याशी लग्न कराल का?"

सारी बाल्कनी वळली. मागून मास्तरांचा झोपाळू आवाज आला, "करेल हो ती. पण आधी खाली बसा दोघं, पडदा दिसत नाही."

हशा उसळला. टाचणीने बॅटरी विझवली. त्या दाट, प्रशस्त, ओळखीच्या अंधारात ती त्याच्या नव्या अस्तराच्या बाहीला धरून म्हणाली, "मास्तर म्हणतात ते खरं आहे..."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दुकानात आला. आत्याने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले. तिने घरदार विचारले नाही, की पगार विचारला नाही. एकच गोष्ट तिच्या मनात रुतून बसली होती, ती तिने विचारली.

"नवी थिएटरं झालीत. घरोघरी पडदा आलाय, खिशातसुद्धा आलाय. तुमच्या त्या थोरल्याकडं माणसं किती दिवस येणार? आमची पोर कशाच्या भरवशावर द्यायची?"

तो गडबडला. टाचणीकडे बघून चालणार नव्हते. त्याने थोडा विचार केला आणि जमेल तेवढ्या मोठ्या स्वरात उत्तर दिले.

"आत्या, उजेड घरोघरी आहे. पण एवढा मोठा अंधार कुणाच्या घरी नाही. माणसाला कधी कधी पुष्कळ लोकांत बसून एकटं व्हावं वाटतं. घरी एकटं बसलं तर भीती वाटते, तिथं नाही वाटत. म्हणून येतात. आणि नवीन माणसाला आत काही दिसत नाही, म्हणून दाराशी कुणीतरी लागतंच."

कोपऱ्यात एक वेताची खुर्ची होती. तिच्यावर वर्षानुवर्षे कापडाचे तागे रचलेले असत आणि कोणत्याही गिऱ्हाइकाला ती कधी मोकळी करून दिली जात नसे. आत्याने ते तागे एकेक करून उचलले, टेबलावर ठेवले, आणि पदराने बैठक पुसली.

"बस रे," ती म्हणाली. "जावयाला उभं ठेवायची आमच्याकडं रीत नाही."